उत्तरपत्रिकेत हरवलेली ७.२ वर्षं

पार्श्वभूमी

जिल्ह्याच्या ठिकाणी असलेल्या एका महाविद्यालयात मी भौतिकशास्त्र शिकवते. ज्या विद्यार्थिनीभोवती हे प्रकरण घडलं, तिला विचारूनच लिहिते आहे. तिचं, गावाचं आणि कॉलेजचं नाव गाळलं आहे.

बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आमच्याकडे विशेष सापेक्षता सिद्धान्त, म्हणजे वेगाने जाणाऱ्यांच्या काळ आणि अंतराबद्दलचा आइनस्टाइनचा सिद्धान्त, असतो. तासिका मोजक्याच मिळतात. बरीच मुलं दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली आणि अकरावीपासून इंग्रजी पुस्तकांशी झटणारी, त्यामुळे वर्गात मी दोन्ही भाषा मिसळूनच बोलते. शिकवण्याचा क्रम बहुतेक पाठ्यपुस्तकांत असतो तोच: मायकेल्सन-मोर्ली यांचा १८८७ चा प्रयोग, आइनस्टाइनची दोन गृहीतकं (एकसारख्या वेगाने जाणाऱ्या सगळ्यांना निसर्गाचे नियम सारखेच, आणि प्रकाशाचा वेग सगळ्यांना एकच), दोन आरशांमध्ये किरण वरखाली उड्या मारतो ते प्रकाश-घड्याळ, त्यातून टाइम डायलेशनचं, म्हणजे हलणारं घड्याळ मंद चालण्याचं, सूत्र, मग लांबीचं आकुंचन, मग लॉरेंट्झ रूपांतर (एकाने मोजलेलं अंतर आणि काळ दुसऱ्याच्या मापात बदलणारी सूत्रं). दोन घटना एकाच वेळी घडल्या की नाही हेही सापेक्ष असतं, हा भाग सगळ्यांत शेवटी, पाऊण तासात, एका थिअरी प्रश्नापुरता. पुढच्या सगळ्या घोळाचं मूळ या क्रमात आहे, म्हणून आधीच सांगून ठेवते.

अंतर्गत चाचणीत मी हा प्रश्न घातला होता:

‘पृथ्वीपासून १२ प्रकाशवर्षं दूर असलेल्या ताऱ्याकडे एक यान प्रकाशवेगाच्या ०.६ पट वेगाने जातं. (अ) यानातल्या घड्याळानुसार प्रवासाला किती वर्षं लागतील? (आ) यान ताऱ्यापाशी पोहोचेल तेव्हा पृथ्वीवर किती वर्षं झालेली असतील?’

आकडे मुद्दाम सोपे घेतले होते. वेग ०.६ पट असला की गॅमा, म्हणजे हलणारं घड्याळ किती पट मंद चालतं तो आकडा, बरोबर १.२५ येतो, कॅल्क्युलेटर लागत नाही. १२ भागिले ०.६ म्हणजे पृथ्वीवर २० वर्षं, आणि २० भागिले १.२५ म्हणजे यानात १६ वर्षं. माझ्या उत्तरसूचीत एवढंच होतं.

समस्या

एका उत्तरपत्रिकेत (अ) चं उत्तर १६ होतं. (आ) पुढे लिहिलं होतं: ‘पृथ्वीच्या मते २०. यानाच्या मते १२.८.’ आणि त्याच्या शेजारी पेन्सिलीने, बारीक अक्षरात, ‘दोन्ही कसं?’

मी लाल पेनाने १२.८ वर काट मारली आणि २ पैकी १ गुण दिला. पेन्सिलीतल्या दोन शब्दांकडे मी लक्ष दिलं नाही. पेपर तपासताना गठ्ठा संपवायची घाई असते हे खरं आहे, पण ते दोन शब्द वाचले असते तर पुढचे दहा दिवस वाचले असते.

तिचा विचार असा होता. हलणारं घड्याळ मंद चालतं, हे मीच फळ्यावर लिहून दिलं होतं. कोण हलतंय हे सापेक्ष आहे, हेही मीच सांगितलं होतं. मग यानातल्या माणसाच्या दृष्टीने यान स्थिर आणि पृथ्वी मागे पळते आहे, म्हणजे पृथ्वीचं घड्याळ मंद. यानात १६ वर्षं गेली तर पृथ्वीवर १६ भागिले १.२५, म्हणजे १२.८. यात चूक कुठे आहे? गणितात तर नाहीच. मी खोडलं ते केवळ उत्तरसूचीत २० होतं म्हणून.

पण २० सुद्धा खोटं म्हणता येत नव्हतं. ताऱ्यापाशी घड्याळ ठेवलं असेल तर यान तिथे पोहोचताना ते २० च दाखवणार. म्हणजे यानाच्या हिशेबात ७.२ वर्षं कुठेतरी गळली होती.

निर्णयाची पहिली जागा: तडकाफडकी दिलेलं उत्तर

ती पेपर घेऊन स्टाफरूममध्ये आली. मला पुढची तासिका होती. मी उभ्याउभ्याच म्हणाले, “अगं, यानाला आधी वेग घ्यावा लागतो, शेवटी थांबावं लागतं. त्याला त्वरण आहे, पृथ्वीला नाही. म्हणून दोघांची बाजू सारखी धरता येत नाही. पृथ्वीचंच उत्तर बरोबर.”

जुळ्यांच्या कोड्याचं हे ठरलेलं उत्तर. एक भाऊ प्रवासाला जाऊन परत येतो आणि घरी राहिलेल्यापेक्षा तरुण निघतो, या कोड्यात ते काही अंशी चालून जातं. मी ते तोंडपाठ म्हणून टाकलं आणि वर्गावर गेले.

दोन दिवसांनी ती परत आली. वहीचं एक पान फाडून आणलं होतं. म्हणाली, “मॅडम, यान आधीपासूनच वेगात होतं असं धरलं तर? पृथ्वीजवळून जाताना फक्त घड्याळ शून्यावर लावलं. ताऱ्याजवळून जाताना घड्याळ बघितलं. थांबलं नाही, वळलं नाही. मग त्वरण कुठे आहे?”

तिचं म्हणणं पूर्ण बरोबर होतं. प्रवास एकतर्फी आहे, वेग एकसारखा आहे, आणि तरीही २० आणि १२.८ हा फरक जसाच्या तसा उरतो. मी दिलेलं उत्तर नुसतं अपुरं नव्हतं, या प्रश्नाला ते चुकीचं होतं. मी तिला सांगितलं, “मला सोमवारपर्यंत वेळ दे.” या प्रकरणात मी घेतलेला पहिला बरा निर्णय हा.

त्याच रात्री आणखी एक गोष्ट आठवली. त्वरणामुळे घड्याळ मंद होत असेल, तर त्याचा पुरावा कुठेतरी दिसायला हवा. सर्न या युरोपातल्या कणभौतिकी प्रयोगशाळेत म्युऑन नावाचे कण १४ मीटर व्यासाच्या कडीत गोल फिरवून त्यांचं आयुष्य मोजलं गेलं, निष्कर्ष १९७७ साली प्रसिद्ध झाले. स्थिर म्युऑनचं सरासरी आयुष्य २.२ मायक्रोसेकंद. कडीत फिरणाऱ्यांचं ६४.४ मायक्रोसेकंद भरलं, गॅमा २९.३ असताना यायला हवं तेवढंच. त्या कणांना बसणारं त्वरण गुरुत्वीय त्वरणाच्या सुमारे १०चा १८वा घात पट होतं. तरी आयुष्य ठरलं ते निव्वळ वेगाने. त्वरणाने त्यात काही भर घातली नाही. हे मी याच वर्गाला टाइम डायलेशनचा पुरावा म्हणून सांगितलं होतं, आणि माझंच उत्तर त्याच्या विरोधात जातं आहे हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

कोणते पर्याय होते

पहिला पर्याय विभागप्रमुखांनी सुचवला. “विद्यापीठाच्या पेपरात हा प्रश्न आला तर वीसच लिही, असं तिला सांगा. बाकीचं एमएस्सीत बघेल.” त्यांचा मुद्दा मी उडवून लावणार नाही. परीक्षा जवळ होती, अजून दोन युनिटं राहिली होती, आणि विद्यापीठाचा तपासनीस पेन्सिलीतली टीप वाचणार नाही हे मी स्वतःच सिद्ध केलं होतं. पण मुलीने दोन विधानं घेतली, दोन्ही मी शिकवलेली, आणि त्यांची टक्कर दाखवली. तिला गप्प बसायला सांगितलं असतं तर भौतिकशास्त्र म्हणजे उत्तरसूची, हे ती शिकली असती.

दुसरा पर्याय होता लॉरेंट्झ रूपांतराचा. चार ओळींत काम होतं. मी रात्री ते करून पाहिलं, १२.८ ही आलं आणि गळलेली ७.२ ही आली. वेग गुणिले अंतर, भागिले प्रकाशवेगाचा वर्ग: ०.६ गुणिले १२ म्हणजे ७.२. उत्तर तंतोतंत. पण तिचा प्रश्न ‘किती’ असा नव्हता, ‘कसं’ असा होता. बीजगणिताने ती निरुत्तर झाली असती, तिला दिसलं काहीच नसतं.

तिसरा, हे सगळं ‘सामान्य सापेक्षतेत’, म्हणजे आइनस्टाइनच्या गुरुत्वाकर्षणाच्या सिद्धान्तात, ‘येतं’ म्हणून पुढे ढकलणं. बऱ्याच ठिकाणी असं सांगितलं जातं. ते खरं नाही. गुरुत्वाकर्षण मध्ये नसेल तर त्वरण असलेला प्रवासही विशेष सापेक्षतेतच सुटतो, आणि इथे तर त्वरणही नव्हतं.

चौथा, आलेख. गणितज्ञ मिन्कोव्स्कीने १९०८ साली कलोनच्या व्याख्यानात अवकाश आणि काळ एकत्र धरून मांडणी केली, तेव्हापासूनची ही वाट. आडव्या अक्षावर अंतर, उभ्यावर काळ. माझ्या वर्गातल्या प्रत्येकाकडे प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये ग्राफ पेपर होताच.

पाचवा, काही न समजावता नुसते प्रकाशाचे संदेश मोजायला लावणं. पृथ्वीवरून दर वर्षी एक झोत सुटतो, यानात ते किती पोहोचले ते मोजा. यात ‘आत्ता तिथे किती वाजले’ हा प्रश्नच उपस्थित होत नाही.

शेवटच्या दोन वाटा मी एकत्र वापरायचं ठरवलं, पण आधी आणखी एक पायरी लागणार होती असं वाटलं. आणि दुसरं ठरवायचं होतं ते जास्त अवघड: हे तिला एकटीला स्टाफरूममध्ये सांगायचं, की सगळ्या वर्गासमोर, माझं आधीचं उत्तर चुकलं होतं असं म्हणून? वर्गासमोर असं म्हणण्याची आपल्याकडे पद्धत नाही. मला धीर आला तो एका जुन्या गोष्टीने. जॉन बेल या भौतिकशास्त्रज्ञाने १९७६ साली लिहून ठेवलं आहे की एकामागे एक, एकाच वेळी निघून सारखाच वेग वाढवत जाणाऱ्या दोन यानांमध्ये बांधलेला नाजूक धागा तुटेल का, हे कोडं सर्नच्या कँटीनमध्ये निघालं. तिथल्या एका नावाजलेल्या प्रयोगशास्त्रज्ञाला ‘तुटेल’ हे पटेना, आणि सिद्धान्त विभागात विचारणा झाली तेव्हा बहुमत ‘तुटणार नाही’ असंच पडलं. धागा तुटतो. त्या कोड्याची गाठही दोन लांबच्या जागी ‘एकाच वेळी’ म्हणजे काय, याच प्रश्नात आहे. मी वर्गासमोर सांगायचं ठरवलं.

काय केलं

सोमवारी दोन तासिका सलग मागून घेतल्या.

सुरुवात सापेक्षतेने केली नाही. त्या मुलीचे वडील एसटीत वाहतूक नियंत्रक आहेत. मी तिलाच विचारलं, “पुण्याहून सुटलेली गाडी साताऱ्याला किती वाजता पोहोचली, हे कोण लिहितं?”

“साताऱ्याचे कंट्रोलर.”

“पुण्याचे का नाही?”

“त्यांना तिथून कसं दिसणार मॅडम? जिथे गाडी येते तिथलं घड्याळ बघून लिहितात.”

आइनस्टाइनच्या १९०५ च्या निबंधाच्या पहिल्याच भागात हेच आहे. गाडी ७ वाजता येते असं आपण म्हणतो तेव्हा घड्याळाचा छोटा काटा ७ वर येणं आणि गाडी येणं या दोन घटना एकाच जागी, एकाच वेळी घडल्या, एवढंच म्हणत असतो. लांबच्या जागी किती वाजले हे म्हणायला तिथे दुसरं घड्याळ लागतं, आणि ही दोन घड्याळं जुळवलेली आहेत हे आधी ठरवावं लागतं. टाइम डायलेशन त्या निबंधात यानंतर येतं, चौथ्या भागात. मी वर्षानुवर्षं उलट्या क्रमाने शिकवत आले.

मग फळ्यावर पृथ्वी, तारा आणि मधोमध एक दिवा काढला. दोन्ही घड्याळं जुळवायची तर मध्यावरून दोन्ही बाजूंना एकदम प्रकाश सोडायचा. किरण पोहोचला की घड्याळ शून्यावरून सुरू. पृथ्वीच्या दृष्टीने ६ वर्षांनी दोन्हीकडे पोहोचला, दोन्ही घड्याळं एकदम चालू झाली. वाद नाही.

आता हेच यानातून बघा. यानाच्या दृष्टीने पृथ्वी, तारा ही जोडी मागच्या दिशेने सरकते आहे. मधलं अंतर आकुंचन पावून १२ भागिले १.२५, म्हणजे ९.६ प्रकाशवर्षं झालेलं, म्हणजे दिव्यापासून प्रत्येक टोक ४.८ वर. किरण ताऱ्याकडे निघाला आणि तारा समोरून त्याच्याकडे आला, तेव्हा दोघांतलं अंतर १.६ च्या दराने घटलं: ४.८ भागिले १.६, ३ वर्षं. दुसरा किरण पृथ्वीकडे निघाला, पण पृथ्वी त्याच्यापुढे पळते आहे, अंतर ०.४ च्याच दराने घटतं: ४.८ भागिले ०.४, १२ वर्षं. म्हणजे यानाच्या मते ताऱ्यावरचं घड्याळ ९ वर्षं आधीच चालू झालं. ते हलतं घड्याळ, म्हणून मंद. ९ वर्षांत ते पुढे गेलं ९ भागिले १.२५.

मागच्या बाकावरून कोणीतरी मोठ्याने म्हणालं, “सात पॉइंट दोन!”

त्या क्षणी तिने वही उघडली आणि जुन्या आकड्यांखाली नवी ओळ लिहिली: ७.२ अधिक १२.८ बरोबर २०. यान पृथ्वीजवळून गेलं तेव्हाच, यानाच्या मते, ताऱ्यावरचं घड्याळ ७.२ दाखवत होतं. प्रवासात ते १२.८ ने पुढे गेलं, पृथ्वीवरचंही १२.८ नेच. दोन्ही मंदच चालली. पोहोचताना ताऱ्यावर २०, आणि त्या वेळी, यानाच्या मते, पृथ्वीवर १२.८. एकही वर्ष हरवलं नव्हतं.

नंतर ग्राफ पेपर. १ सेंटिमीटरला १ प्रकाशवर्ष, १ सेंटिमीटरला १ वर्ष. यानाची रेषा शून्यापासून १२ आडवे, २० उभे या बिंदूपर्यंत. मग यानाची ‘आत्ता’ची रेषा: १० सेंटिमीटर उजवीकडे गेलं की ६ सेंटिमीटर वर चढणारी. शून्यातून ती काढली की ताऱ्याच्या उभ्या रेषेला ७.२ वर भेटते. आता पट्टी घट्ट धरायची, तिला गुण्या टेकवायचा, आणि गुण्या सरकवत वरच्या टोकापर्यंत न्यायचा म्हणजे समांतर रेषा मिळते. हे सगळ्यांनी आठवीत केलेलं. तिने वरच्या बिंदूतून रेषा खाली डावीकडे ओढली, पेन्सिल उभ्या अक्षाला टेकली, आणि ती मिलिमीटरचे चौकोन मोजायला लागली. बारा मोठे आणि आठ बारीक. तिने परत मोजले. मग काही न बोलता कागद शेजारणीकडे सरकवला.

परतीच्या प्रवासावर मी फार वेळ घातला नाही. यान वळवायचं नाही, त्याऐवजी समोरून त्याच वेगाने पृथ्वीकडे येणारं दुसरं यान ताऱ्यापाशी आपलं घड्याळ पहिल्याशी जुळवून घेतं, १६ वर. मग कुणालाच त्वरण नाही. दुसऱ्या यानाची ‘आत्ता’ची रेषा उलट्या बाजूला कललेली, ती पृथ्वीच्या अक्षाला २७.२ वर भेटते. तिथून पुढे १२.८ मिळवले की ४०. दोन्ही यानांची मिळून ३२ वर्षं, पृथ्वीवर ४०. मधली १४.४ वर्षं पृथ्वीच्या घड्याळाने एरवीसारखीच मोजली; यानांच्या हिशेबात ती उडी दिसते, ती एका यानाचा हिशेब सोडून दुसऱ्याचा धरला म्हणून. यान स्वतः वळलं तरी त्वरणाचं काम एवढंच, ‘आत्ता’ची रेषा बदलणं.

पडताळा संदेश मोजून घेतला. जाताना पृथ्वीचे वार्षिक झोत यानाला दर २ वर्षांनी मिळतात, येताना दर अर्ध्या वर्षाने. जाताना १६ वर्षांत ८, येताना १६ वर्षांत ३२. एकूण ४०. इथे कुणाचा वाद होऊ शकत नाही, झोत मोजायचे असतात.

निर्णयाची दुसरी जागा: ‘मग खरं काय?’

तास संपत आला तेव्हा एक मुलगा उठला. त्याला आकडे पटले होते, पण समाधान झालं नव्हतं. “मॅडम, यान ताऱ्याजवळ आहे. त्या वेळी पृथ्वीवर खरंच किती वर्षं झाली आहेत? एकच सांगा.”

इथे ‘दोन्ही बरोबर’ म्हणून बसवता आलं असतं, आणि ते चुकीचंही नव्हतं. पण काही दिवस आधी असंच एक तयार उत्तर देऊन मी फसले होते. मी त्याला उलट विचारलं, “यानातून दुर्बिणीने पृथ्वीवरचं घड्याळ बघितलं तर किती दिसेल?”

सगळ्यांनी मिळून काढलं. ताऱ्यापाशी २० व्या वर्षी पोहोचणारा प्रकाश पृथ्वीवरून १२ वर्षं आधी निघालेला, म्हणजे घड्याळात ८ दिसतील. हे ८ पृथ्वीवाल्यालाही मान्य, यानवाल्यालाही मान्य. दिसणारी गोष्ट एकच. पुढे फक्त हिशेब वेगळा. पृथ्वीवाला म्हणतो, प्रकाशाला १२ वर्षं लागली, ८ अधिक १२, २०. यानवाला म्हणतो, प्रकाश निघाला तेव्हा पृथ्वी माझ्यापासून ६ प्रकाशवर्षांवर होती, प्रकाशाला ६ वर्षं लागली, तेवढ्यात तिचं मंद घड्याळ ४.८ ने पुढे गेलं, ८ अधिक ४.८, १२.८. दोघांत कोण चुकलं ते दाखवेल असा एकही प्रयोग नाही, कारण ‘त्या वेळी’ या शब्दालाच लांबच्या जागेसाठी एकच अर्थ नाही.

तो मुलगा बसला. पटलं असं तो म्हणाला नाही. मला वाटतं ते योग्यच होतं; ही गोष्ट एका दुपारी पटत नसते.

निष्पत्ती

तिचा कापलेला १ गुण मी परत दिला. पण प्रश्न तिच्यापुरता नव्हता. आणखी दोघांनी (आ) चं उत्तर नुसतं १२.८ लिहिलं होतं आणि त्यांना मी शून्य दिलं होतं. माझ्या प्रश्नात ‘तेव्हा’ होतं, कुणाचं ‘तेव्हा’ ते नव्हतं. प्रश्न संदिग्ध असेल तर शिक्षा मुलांना होता कामा नये, म्हणून त्यांनाही पूर्ण गुण दिले आणि विभागप्रमुखांना तसं लेखी कळवलं. ज्यांनी २० लिहिलं त्यांचे गुण तसेच ठेवले. विभागप्रमुखांनी सही केली. पुढच्या वेळी उत्तरसूची दोघांनी मिळून तपासू, असंही ते म्हणाले.

आकडेमोडीत सगळं सुधारलं असं मात्र झालं नाही. पुढच्या गृहपाठात काही जणांनी परत तीच गल्लत केली: दोन वेगळ्या जागी घडलेल्या घटनांमधल्या काळाला टाइम डायलेशनचं सूत्र थेट लावलं. ते सूत्र एकाच घड्याळापाशी घडलेल्या दोन घटनांमधल्या काळासाठी आहे. हे वाक्य मी फळ्यावर लिहिलं होतं, चौकटीत. चौकट वहीत उतरली, सवयीत उतरायला वेळ लागतो.

ती मुलगी स्वतःहून म्युऑनवर गेली. वातावरणात उंचावर, सुमारे १५ किलोमीटरवर, म्युऑन तयार होतात. २.२ मायक्रोसेकंदांत प्रकाशाच्या वेगानेही ६६० मीटरच कापले जातात, तरी ते जमिनीवर भरपूर येतात. जमिनीच्या दृष्टीने त्यांचं घड्याळ मंद. त्यांच्या दृष्टीने वातावरणाची जाडी आकुंचन पावलेली. तिने सेमिनारला हे दोन्ही बाजूंनी सोडवून दाखवलं आणि शेवटी तिसरा रकाना काढला: म्युऑनच्या मते तो जन्मला ‘तेव्हा’ जमिनीवरचं घड्याळ किती दाखवत होतं. हा रकाना मी कुठल्याही पुस्तकाच्या सोडवलेल्या उदाहरणात पाहिलेला नव्हता.

पुन्हा करायचं झालं तर

क्रम बदलेन, बदललाही आहे. आता पहिल्या तासाला प्रकाश-घड्याळ येत नाही. पहिल्या तासाला दोन लांबची घड्याळं जुळवायची कशी, एवढाच प्रश्न असतो. गृहीतकं दोनच आहेत, त्यातून घड्याळं जुळण्याचा घोळ थेट निघतो, मग मंद होणं आणि आखडणं. वेळ जास्त लागतो असं वाटलं होतं, पण पुढची युनिटं खोळंबली नाहीत, कारण नंतरच्या शंकांना लागणारा वेळ वाचतो.

स्टाफरूममध्ये उभ्याउभ्या उत्तर देणार नाही. ‘त्वरण’ हा शब्द इतका वजनदार वाटतो की तो ऐकला की विचारणारा गप्प होतो. ती मुलगी दोन दिवसांनी परत आली हे तिचं धैर्य. ती आली नसती तर मी अजूनही तेच सांगत असते. आधीच्या किती बॅचना मी हेच उत्तर दिलं असेल, याचं वाईट वाटतं.

आलेख मात्र आधी हाताने काढायला लावेन, किरणांचा हिशेब नंतर. सोमवारी उलटं केलं आणि निम्मा वर्ग भागाकारातच अडकला होता. गुण्या सरकवून १२.८ हातात आलं तेव्हा तोच वर्ग जागा झाला.

आणि प्रश्न नीट लिहीन. यंदाच्या चाचणीत तो असा होता:

‘एक यान प्रकाशवेगाच्या ०.६ पट स्थिर वेगाने पृथ्वीजवळून जातं. त्या क्षणी यानातलं आणि पृथ्वीवरचं, दोन्ही घड्याळं ० दाखवतात. १२ प्रकाशवर्षांवरच्या ताऱ्यावर, पृथ्वीच्या घड्याळाशी पृथ्वीच्या चौकटीत जुळवलेलं घड्याळ आहे. यान ताऱ्याजवळून जाताना (अ) यानातलं घड्याळ किती दाखवेल? (आ) ताऱ्यावरचं घड्याळ किती दाखवेल? (इ) यानातून दुर्बिणीने पृथ्वीवरचं घड्याळ किती दिसेल? (ई) त्याच वेळी पृथ्वीवरचं घड्याळ किती दाखवतं, असं यानातला माणूस म्हणेल आणि पृथ्वीवरचा माणूस म्हणेल? फरक असल्यास तो कुठून येतो, ते ग्राफ पेपरवर दाखवा.’